छत्री दिसते, जेलीफिश कळते

कार्टूनवरून बसवलेले नाटक टीव्हीवर पाहताना मुलांच्या मेंदूला कोणते काम पडते?

चार वर्षांच्या मुलांनी जेमतेम नऊ मिनिटे एक कार्टून पाहिले आणि त्यानंतर लगेच घेतलेल्या काही सोप्या चाचण्यांत ती मागे पडली. 'पेडियाट्रिक्स' या अमेरिकी बालवैद्यक नियतकालिकात २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि अनेक आईवडिलांच्या पोटात गोळा आला. निबंधात कार्टूनचे नाव नव्हते. समुद्राखाली राहणाऱ्या एका स्पंजचे लोकप्रिय कार्टून, एवढेच वर्णन होते. पण तेवढे पुरेसे होते. चौकोनी अंगाचा, पिवळ्या रंगाचा, सतत खिदळणारा स्पंजबॉब स्क्वेअरपँट्स कोणाही शाळकरी मुलाने एका क्षणात ओळखला असता.

याच स्पंजबॉबवर पुढे ब्रॉडवेवर संगीत नाटक आले. ७ डिसेंबर २०१९ रोजी त्याचा चित्रित प्रयोग निकलोडियन वाहिनीने दाखवला. म्हणजे पात्रे तीच, गाव तेच आणि दिवाणखान्यातला टीव्हीही तोच. फरक इतकाच, की या वेळी कार्टूनची जागा माणसांनी घेतली होती. 'स्क्रीन टाइम'च्या हिशेबात या दोन्हींची नोंद एकाच रकान्यात होते. मुलाच्या मेंदूच्या दृष्टीने मात्र हा फरक किरकोळ नाही.

समुद्रशास्त्राच्या वर्गातून रंगमंचावर

स्पंजबॉबचा जन्म विज्ञानाच्या वर्गात झाला, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. त्याचे जनक स्टीफन हिलेनबर्ग १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डाना पॉइंट येथील एका सागरी संस्थेत मुलांना समुद्रजीवशास्त्र शिकवत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या जिवांची ओळख व्हावी, म्हणून त्यांनी एक चित्रपुस्तिका काढली होती. पुढे ते ॲनिमेशनकडे वळले आणि मे १९९९ मध्ये त्यांची कार्टून मालिका सुरू झाली. खऱ्या समुद्रातल्या स्पंजला मेंदू नसतो, एक चेतापेशीही नसते. अंगावरच्या छिद्रांतून पाणी आत घ्यायचे आणि त्यातले अन्नकण गाळून खायचे, हा त्याचा जीवनक्रम. हिलेनबर्ग यांनी त्याला स्वयंपाकघरातल्या भांडी घासायच्या स्पंजचा आकार दिला आणि बोलते केले. हिलेनबर्ग यांना 'एएलएस' हा चेतापेशींचा असाध्य आजार झाला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. टीव्हीवरचा प्रयोग ते पाहू शकले नाहीत.

नाटकाचा पहिला प्रयोग २०१६ मध्ये शिकागोत झाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते न्यू यॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्ये आले. टोनी पुरस्कारांसाठी त्याला १२ नामांकने मिळाली आणि नेपथ्याचा पुरस्कार डेव्हिड झिन यांनी पटकावला. दिग्दर्शक टीना लँडाऊ यांचा एक निर्णय इथे महत्त्वाचा ठरतो. जत्रेत किंवा वाढदिवसाच्या समारंभात दिसतात तसे फोमचे मोठाले मुखवटे त्यांनी कोणालाही घालायला दिले नाहीत. स्पंजबॉब झालेला ईथन स्लेटर हा पिवळा शर्ट, लाल टाय आणि चौकड्यांची पँट घातलेला एक सडपातळ तरुण. खेकड्याच्या हातांत मोठे लाल हातमोजे, म्हणजे त्या नांग्या. स्क्विडवर्ड झालेल्या गॅविन ली यांच्या पायांमागे आणखी दोन पाय जोडलेले, आणि चारही पायांनी त्यांचे टॅप नृत्य. छत्र्या उघडल्या की जेलीफिश झाल्या. पात्रांच्या हालचालींचे आवाज काढणारा कलाकार रंगमंचाच्या कडेला प्रेक्षकांना दिसेल असा बसलेला. काहीही लपवलेले नाही. आणि तरीही मुलांना समुद्र दिसतो.

नऊ मिनिटांत काय बिघडते?

आता पुन्हा त्या २०११ च्या अभ्यासाकडे. व्हर्जिनिया विद्यापीठातील अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाने स्पंजचे कार्टून पाहिले. दुसऱ्याने एका लहान मुलाच्या रोजच्या आयुष्यावरची संथ, शैक्षणिक मालिका पाहिली. तिसऱ्या गटाला कागद आणि रंग देऊन चित्रे काढायला बसवले. नऊ मिनिटांनी तिन्ही गटांना सारखीच कामे दिली. 'डोक्याला हात लावा' म्हटले की पायाच्या बोटांना हात लावायचा, आकडे उलट्या क्रमाने सांगायचे, चकत्या ठरलेल्या नियमाने एका खुंटीवरून दुसरीवर न्यायच्या, समोरचा खाऊ थोडा वेळ न खाता थांबायचे.

या सगळ्या कामांना लागणाऱ्या क्षमतेला मानसशास्त्रात 'कार्यकारी क्षमता' म्हणतात. मनात आलेली पहिली कृती रोखणे, नियम लक्षात ठेवणे, एका कामावरून दुसऱ्यावर नीट वळणे हे तिचे भाग. मेंदूच्या पुढच्या भागाशी तिचा जवळचा संबंध असतो आणि हा भाग पूर्ण विकसित व्हायला विशी उलटते. शाळेत एका जागी बसून शिकायला मूल याच क्षमतेच्या बळावर तयार होते. कार्टून पाहिलेला गट या कामांत इतर दोन्ही गटांपेक्षा स्पष्टपणे मागे पडला.

त्या कार्टूनमध्ये सरासरी दर ११ सेकंदांनी दृश्य पूर्ण बदलत होते आणि शैक्षणिक मालिकेत दर ३४ सेकंदांनी. त्यामुळे आधी संशय वेगावर गेला. निकलोडियनचे म्हणणे होते, की मालिका ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी आहे, चार वर्षांच्या नव्हे. हा आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता. शिवाय मुलांची चाचणी कार्टून संपताच घेतली होती. तो परिणाम किती काळ टिकतो हे त्यात मोजलेले नव्हते. त्यामुळे 'कार्टूनने मेंदू बिघडतो' असा अर्थ त्यातून काढणे चूक आहे.

लिलार्ड यांनी २०१५ मध्ये पुढचे प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. खरा ताण वेगाचा नव्हता, तो अद्भुताचा होता. संथ कार्टूनमध्येही अशक्य गोष्टी घडत राहिल्या तर मुलांची कामगिरी घसरत होती. याचे संभाव्य स्पष्टीकरण असे: मेंदू प्रत्येक क्षणी पुढे काय होईल याचा अंदाज बांधत असतो. वस्तू सोडली की खाली पडते, भिंतीतून आरपार जाता येत नाही, हे तान्ह्या बाळालाही काही प्रमाणात कळते. कार्टूनमध्ये हे अंदाज क्षणाक्षणाला मोडतात. पाण्याखाली शेकोटी पेटते, माणूस सपाट होतो आणि परत फुगतो. प्रत्येक वेळी काय झाले याची जुळवाजुळव करण्यात मुलाची शक्ती खर्च होते आणि पुढच्या कामासाठी ती कमी पडते.

खोली लहान करणारे यंत्र

मग नाटकातही स्पंज बोलतो आणि खारूताई समुद्राखाली राहते, त्याचे काय? इथे बालमानसशास्त्रातील एक सुंदर प्रयोग उपयोगी पडतो.

जूडी डिलोश या अमेरिकी संशोधिकेने १९८७ मध्ये एका खोलीची छोटी प्रतिकृती बनवली. त्या प्रतिकृतीत एक खेळणे मुलांच्या देखत लपवले आणि 'मोठ्या खोलीत मोठे खेळणे याच जागी आहे, शोध' असे सांगितले. तीन वर्षांची बहुतेक मुले थेट त्या जागी गेली. अडीच वर्षांची मुले गोंधळली. त्यांना लपवलेली जागा आठवत होती, पण छोटी खोली ही मोठ्या खोलीची खूण आहे हे कळत नव्हते. समोरची वस्तू स्वतः एक वस्तू आहे आणि त्याच वेळी ती दुसऱ्या कशाची तरी खूणही आहे, हे दुहेरी भान अजून आलेले नव्हते.

दहा वर्षांनी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची गंमतशीर पडताळणी केली. दिवे लुकलुकणारे एक यंत्र दाखवून अडीच वर्षांच्या मुलांना सांगितले, की हे यंत्र खोली लहान करते. मुले बाहेर गेली, चित्रविचित्र आवाज झाले, मुले परत आली तर तिथे छोटी खोली! मुलांनी यावर विश्वास ठेवला आणि खेळणे बिनचूक शोधले. कारण आता ती खोली कशाची खूण नव्हती, तीच खोली होती. जादू मानणे सोपे गेले, खूण ओळखणे अवघड गेले.

कार्टून आणि नाटक यांतला फरक नेमका इथे आहे. कार्टून मुलाला तयार जादू हातात देते. तिथे जेलीफिश ही जेलीफिशच असते. नाटक मुलाला छत्री दाखवते आणि जेलीफिश त्याला स्वतः करायला लावते. नाटकात निसर्गाचे नियमही मोडत नाहीत. उडी मारलेला नट खालीच येतो, छत्री छत्रीसारखीच मिटते. अशक्य ते सगळे मुलाच्या मनात घडते, आणि तेही त्याच्या मर्जीने. काठीचा घोडा करून अंगणभर फिरणारे मूल हेच करते. त्या खेळाने मूल थकत नाही, उलट घोडा आणि काठी एकाच वेळी सांभाळण्याचा सराव त्याला मिळतो.

मराठी मुलांना हे नवीन नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडच्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी रंगवली. बाईच्या वेशातला हा पुरुष नट आहे हे समोरच्या मुलांना माहीत असते, तरी चेटकीण आली की ती ओरडतात. भीती खरी असते आणि ती आटोक्यात ठेवणारे भानही शाबूत असते.

पडद्यावर आले की काय हरवते?

हे सगळे समोर घडणाऱ्या नाटकाबद्दल झाले. तेच टीव्हीवर आले की आणखी एक पायरी वाढते. मुलाला आता स्पंजबॉब, त्याचे काम करणारा माणूस आणि त्या माणसाचे पडद्यावरचे चित्र असे तीन थर एकाच वेळी ओळखायचे असतात.

लहान मुलांना पडद्यावरून शिकणे प्रत्यक्षापेक्षा जड जाते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. जॉर्जिन ट्रोसेथ आणि डिलोश यांनी १९९८ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना शेजारच्या खोलीत खेळणे लपवताना दाखवले. खिडकीतून पाहिलेल्या मुलांनी ते सहज शोधले. तीच घटना टीव्हीवर पाहिलेली मुले चुकत राहिली. पण टीव्हीचा पडदा खिडकीच्या चौकटीमागे लपवून 'ही खिडकीच आहे' असे मुलांना वाटू दिले, तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. टीव्हीवर दिसणाऱ्या गोष्टींचा आपल्या जगाशी संबंध नसतो, असे ही मुले जणू आधीच ठरवून बसलेली असतात.

मोठ्या मुलांबाबत अर्कान्सास विद्यापीठातील जे ग्रीन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलांच्या गटांना चिठ्ठ्या टाकून नाटकाला, त्याच कथेवरच्या चित्रपटाला पाठवले किंवा वर्गातच ठेवले. नाटक पाहिलेल्या मुलांना कथा आणि त्यातले शब्द अधिक चांगले लक्षात राहिले. दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करण्याची तयारी आणि वेगळ्या मतांबद्दलची सहनशीलताही त्यांच्यात अधिक दिसली. चित्रपटाने तसा फायदा झाला नाही.

चित्रित नाटक या दोहोंच्या मधे पडते. त्यात प्रेक्षकांच्या टाळ्या आणि हशा ऐकू येतो, नटाचा घाम दिसतो, धाप ऐकू येते. स्पंजबॉबचा प्रयोग इंग्लंडमधील प्लिमथच्या नाट्यगृहात खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित झाला होता. पण कुठे पाहायचे हे तिथे कॅमेरा ठरवतो. नाट्यगृहात मूल नायकाला सोडून कोपऱ्यातल्या ढोलाकडे पाच मिनिटे पाहू शकते. घरी ते स्वातंत्र्य नसते. शिवाय टीव्हीसमोर फोन वाजतो, कुकरची शिट्टी होते. नाट्यगृहातला अंधार आणि शेजारच्या अनोळखी माणसांसोबतचे हसणे पडद्यातून घरापर्यंत येत नाही.

ज्वालामुखी, अफवा आणि एक खारूताई

गोष्टीत काय आहे, यालाही आरोग्याच्या बाजूने महत्त्व आहे. स्पंजबॉबच्या गावाजवळचा ज्वालामुखी उद्या फुटणार, अशी बातमी येते. सँडी नावाची खारूताई शास्त्रज्ञ आहे. ती मोजमाप करून सांगते, की उद्रेक थोपवणारे यंत्र बनवता येईल. गावकरी ऐकत नाहीत. ती जमिनीवरून आलेली परकी, म्हणून संकटाचे खापर तिच्यावरच फोडतात. कोणी दुकानात 'जगबुडी सेल' लावतो, कोणी भोळ्या पॅट्रिकला गुरू करून त्याच्यामागे लागतो, कोणी पळून जाण्यासाठी पैसे गोळा करतो. डिसेंबर २०१९ मध्ये हे टीव्हीवर दिसले, आणि काही महिन्यांतच करोनाच्या साथीत साठेबाजी, अफवा, रुग्णांना आणि परिचारिकांना वाळीत टाकणे हे सगळे जगाने प्रत्यक्ष पाहिले.

मुलांना अशा कथेची भीती वाटते का? वाटते, पण वयानुसार वेगळी. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोॲन कँटर यांनी मुलांच्या भीतीवर दीर्घकाळ काम केले. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना दिसण्याची भीती वाटते: विद्रूप चेहरा, कर्कश आवाज, अचानक बदलणारे रूप. त्यापुढच्या वयात भीती कल्पनेची असते: हे खरोखर घडले तर? अणुहल्ल्यावरचा 'द डे आफ्टर' हा चित्रपट १९८३ मध्ये अमेरिकी टीव्हीवर दाखवला गेला, तेव्हा अगदी लहान मुले सर्वांत कमी अस्वस्थ झाली आणि मोठी मुले अधिक, असे कँटर आणि सहकाऱ्यांना आढळले.

म्हणून पाच वर्षांचे मूल ज्वालामुखीच्या लाल दिव्यांना आणि मोठ्या आवाजाला दचकेल. 'तो बघ, तो काका बाजूला बसून आवाज काढतोय' एवढे सांगितले की ते पुष्कळदा सावरते. दहा वर्षांची मुलगी मात्र विचारेल, की आपल्या गावात पूर आला आणि कोणी ऐकलेच नाही तर? तिला 'हे खोटे असते' असे सांगून भागत नाही. नाटकाचा शेवट तिच्या कामाचा आहे. स्पंजबॉब आणि त्याचे मित्र डोंगर चढून यंत्र ज्वालामुखीत टाकतात. ते चालले की नाही हे त्यांना लगेच कळत नाही. सगळे गाव एकत्र उभे राहून वाट पाहते. संकटात जे हाती आहे ते करायचे आणि एकमेकांना धरून राहायचे, एवढे त्या मुलीशी बोलता आले तर तिच्या भीतीला वाट मिळते.

पालकांनी काय करावे?

• भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली दाखवावा, आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी. दोन अंकी संगीत नाटक लहान मुलाला एका बैठकीत दाखवू नये. मध्यंतर जिथे आहे तिथे थांबावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी पाहावे.

• सोबत बसून पाहावे आणि मधे थांबवून विचारावे: ही छत्री कशाची झाली? त्याचे मागचे पाय कसे हलतात? आता काय होईल? तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींचे व्हिडिओ दाखवताना ज्या पालकांनी असे प्रश्न विचारले, त्यांच्या मुलांचे गोष्टीचे आकलन आणि शब्दसंग्रह अधिक वाढले, असे २०१३ च्या एका अभ्यासात दिसले.

• पाहून झाल्यावर लगेच गृहपाठाला बसवू नये. थोडा वेळ खेळायला द्यावा. घरातल्या पातेल्या, चमचे, ओढण्या आणि पुठ्ठ्याची खोकी काढून द्यावीत. नाटकाचा पुढचा प्रयोग मुले स्वतःच लावतात.

• झोपण्याआधीचा तासभर पडदा बंद असावा. मोठा आवाज, झगमगते दिवे आणि गाणी यांनी चेतवलेले मूल अंथरुणात लवकर शांत होत नाही. झगमगत्या प्रकाशाने झटके येण्याचा त्रास असलेल्या मुलांबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे.

• वर्षातून एकदा तरी खऱ्या नाट्यगृहात बालनाट्याला न्यावे. तालुक्याच्या गावी तो योग येत नसेल, तर शाळेच्या स्नेहसंमेलनातले किंवा गणेशोत्सवातले नाटकही चालते. पुठ्ठ्याचा मुकुट वाकडा असला तरी राजा राजाच असतो, हे समोर बसलेल्या मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.